राउटरशिवाय वायफाय होते, पण आधी नेट कुठून येते ते पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘राउटरशिवाय घरभर वायफाय’ असे मथळे तंत्रज्ञानाच्या सदरांतून, यूट्यूबवरून आणि फॉरवर्ड होत आलेल्या मेसेजांतून सारखे दिसतात. त्यांतले बहुतेक उपाय खोटे नसतात, अपुरे असतात. ‘हॉटस्पॉट सुरू करा’ म्हणून लेख संपतो आणि वाचक अडतो तो त्याच्या पुढे. फोनवर वायफायची खूण दिसते पण नेट चालत नाही, लॅपटॉप मिटला की घरातले सगळे ओरडतात, दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. यामागची कारणे ठरावीक आहेत. ती माहीत असली तर राउटर न घेता काम भागते, आणि राउटर घेणेच कधी स्वस्त पडते तेही कळते.

राउटर घरात तीन कामे करतो. एक, हवेतून सिग्नल देतो. दोन, जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला घरातला एकेक पत्ता वाटतो. तीन, बाहेरून आलेल्या एकाच जोडणीवर सगळ्यांची ये-जा सांभाळतो. राउटर नको म्हटले तरी ही कामे टळत नाहीत, ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतात. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणते ॲप घेऊ’ हा नाही. घरात नेट कशातून येते, फायबरच्या बॉक्समधून, केबलवाल्याच्या वायरमधून की सिममधून, यावर पुढचे सगळे ठरते. ‘सिम नको, डेटा नको, फुकट वायफाय’ असे सांगणारे ॲप दिसले तर ते घेऊच नका. वायफाय ही घरातली जोडणी आहे, नेट बाहेरून आणावेच लागते आणि ते ॲपमधून येत नाही.

ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी खर्च करण्यापूर्वी भिंतीवरचा बॉक्स उलटून पाहावा. खालच्या लेबलवर वायफायचे नाव आणि पासवर्ड छापलेला असेल, पुढे ‘डब्ल्यूलॅन’चा दिवा असेल, तर राउटर त्या बॉक्समध्येच आहे. वेगळा घ्यायची गरज नाही. फक्त ते वायफाय कुणीतरी बंद ठेवलेले असू शकते. बाजूला बटण असते किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये ते सुरू करता येते. लेबलवर असे काही नसेल आणि मागे लॅनचे, म्हणजे नेटची वायर लावायचे, एकच भोक असेल, तर तो नुसता प्रकाशाचा सिग्नल वायरमध्ये उतरवणारा बॉक्स आहे. तिथे पुढची सगळी खटपट लागते. (‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर फायबरच तुटले आहे किंवा वाकले आहे. तेव्हा वायफायची सेटिंग्ज उकरण्यात वेळ घालवू नका, केबलवाल्याला फोन करा.)

लॅनची वायर आणि एक लॅपटॉप, ही सर्वांत सोपी जोडी. विंडोज १० च्या २०१६ सालच्या १६०७ या आवृत्तीपासून मोबाइल हॉटस्पॉटची सोय विंडोजमध्येच आहे. वायर लॅपटॉपला लावा आणि लॅपटॉपवर नेट चालते ना ते आधी पाहा. मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मोबाइल हॉटस्पॉट. ‘शेअर माय इंटरनेट कनेक्शन फ्रॉम’ इथे ईथरनेट, म्हणजे लॅनची वायर, निवडा, ‘शेअर ओव्हर’ इथे वायफाय. ‘एडिट’मध्ये नाव, पासवर्ड आणि बँड (रेडिओ लहरींचा पट्टा, २.४ की ५ गिगाहर्ट्झ) ठरवा. त्याच पानावर ‘पॉवर सेव्हिंग’ असते ते बंद करा. नाहीतर कुणीही जोडलेले नसताना हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो आणि नंतर आलेल्याला वायफायच दिसत नाही. याच्यावर एका वेळी आठ उपकरणे चालतात. नववे जोडायला गेले की नुसते ‘कनेक्टिंग’ दिसत राहते आणि दोष पासवर्डला दिला जातो.

लॅपटॉप झोपला की घराचे वायफायही झोपते, हे लोक हमखास विसरतात. पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जरवर असताना ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा आणि झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ निवडा. झाकण मिटून चालू ठेवलेला लॅपटॉप गादीवर किंवा कपाटात ठेवू नका. हवा लागत नाही, तापतो आणि स्वतःच बंद पडतो. अपडेटनंतर लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की हॉटस्पॉट बहुधा आपण होऊन सुरू होत नाही, तो हाताने लावावा लागतो.

हॉटस्पॉट सुरूच होत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्स उघडून ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणे दाखवा. ‘मायक्रोसॉफ्ट वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल ॲडॅप्टर’ बंद केलेले आढळेल, ते ‘एनेबल’ करा. दुसरे कारण म्हणजे सर्व्हिसेसच्या यादीतली ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सेवा कुणीतरी, अनेकदा ‘कॉम्प्युटर फास्ट करणाऱ्या’ एखाद्या सॉफ्टवेअरने, ‘डिसेबल्ड’ करून ठेवलेली असते. डेस्कटॉपला वायफायच नसेल तर यूएसबी डोंगल लागेल. ते घेताना दुकानदाराला ‘वायफाय पकडते का’ एवढेच विचारू नका, ‘यातून हॉटस्पॉट देता येतो का’ तेही विचारा. काही स्वस्त डोंगल नुसते घेतात, देत नाहीत. ते यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावू नका. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि चार पावलांवर रेंज जाते. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल दूर केले की फरक लगेच दिसतो.

खरी कटकट केबलवाल्याच्या युजरनेम-पासवर्डची, म्हणजे पीपीपीओईची. काही ठिकाणी वायर लावली की नेट सुरू होत नाही, लॅपटॉपवर ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ बनवून ते डायल करावे लागते. हे कनेक्शन मोबाइल हॉटस्पॉटच्या यादीत कधी दिसते, कधी दिसत नाही. दिसत नसेल तर जुना मार्ग आहे. आधी हॉटस्पॉट जी कोणती जोडणी यादीत असेल तिच्यावर सुरू करा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये त्या ब्रॉडबँड कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’ टॅब, पहिल्या चौकोनात खूण, आणि खालच्या यादीत हॉटस्पॉटसाठी उगवलेले ‘लोकल एरिया कनेक्शन’ निवडा. त्या नावापुढे चांदणी आणि एखादा आकडा असतो, त्यावरून ते ओळखता येते.

इथे एक विचित्र बिघाड उद्भवतो. गूगल उघडते, व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण काही साइट नुसत्या गोल फिरत राहतात. नेटवरची माहिती छोट्या छोट्या पाकिटांत जाते. साध्या ईथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओई त्यांतले ८ स्वतःसाठी घेते, उरतात १४९२. हॉटस्पॉटवर जोडलेले उपकरण १५०० चे पाकीट पाठवत राहते आणि ते वाटेत गळते. छोटी पाकिटे जातात, मोठी अडतात. पडताळायचे तर जोडलेल्या लॅपटॉपवरून, पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून, १४६४ बाइटचे पिंग, म्हणजे चाचणीचे पाकीट, पाठवा (पाकिटावरच्या पत्त्यावगैरेचे २८ धरून १४९२ होतात). ते जाते आणि १४७२ चे जात नसेल, तर दुखणे हेच. लॅपटॉपवर एमटीयू, म्हणजे पाकिटाची ही कमाल मर्यादा, १४९२ करून टाकता येतो. फोनवर तशी सोय सहसा नसते. घरात चार फोन असतील आणि असा त्रास होत असेल तर विनाराउटर हट्ट सोडा, हे माझे स्पष्ट मत आहे.

केबलवाल्यांची दुसरी पद्धत म्हणजे जोडणी एका मॅक पत्त्याशी, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या ठरलेल्या क्रमांकाशी, बांधून ठेवणे. पहिल्या दिवशी ज्या लॅपटॉपवर नेट सुरू करून दिले त्याच्यावरच ते चालते. वायर दुसऱ्या लॅपटॉपला लावली की सगळे दिवे हिरवे आणि नेट मात्र नाही. वायर बदलून, विंडोज पुन्हा टाकून काही होत नाही. केबलवाल्याला नवा मॅक पत्ता कळवून बांधणी बदलून घ्यायची, एवढाच उपाय.

ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर हॉटस्पॉटचे काम ‘जनरल’मधल्या ‘शेअरिंग’खाली ‘इंटरनेट शेअरिंग’ने होते, लिनक्सवर वायफायच्या सेटिंगमधल्या ‘टर्न ऑन वायफाय हॉटस्पॉट’ने. दोन्हीकडे नेट वायरने आत यायला हवे. वायफायने आलेले नेट त्याच वायफायने पुढे द्यायला तिथे सरळ सोय नाही. विंडोज ते करते, पण एकच रेडिओ घेण्याचे आणि देण्याचे काम आळीपाळीने करतो. प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो.

आता फोन. ज्या घरात कोणतीच वायर येत नाही तिथे सिमच सर्वस्व असते. अँड्रॉइडवर हॉटस्पॉट अँड टेदरिंग, आयफोनवर ‘पर्सनल हॉटस्पॉट’ आणि त्यातले ‘अलाउ अदर्स टू जॉइन’. आयफोन फक्त सिमचे नेट पुढे देतो, पकडलेले वायफाय देत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत मात्र ‘वायफाय शेअरिंग’ असते, म्हणजे तो एकीकडून वायफाय घेऊन दुसरीकडे देऊ शकतो. आतल्या खोलीत रेंज पोचवायला खणात पडलेला जुना फोन असा कामी येतो.

फोनच्या जवळच बसलेला लॅपटॉप हवेतून जोडूच नका. यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचे नेट वायरीने द्या. वायर लावा, मगच तो पर्याय उजळतो. उजळत नसेल तर बऱ्याचदा ती नुसती चार्जिंगची वायर असते. अशा स्वस्त वायरीत वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. वायरने वेग स्थिर राहतो, फोनही चार्ज होत राहतो. ब्लूटूथनेही नेट देता येते, पण ते मेल वाचण्यापुरते.

लॅनची वायर आहे आणि लॅपटॉप अडकवून ठेवायचा नाही, अशा वेळी टाइप-सीला लावायचे लॅनचे कनेक्टर घ्या. ते लावून बऱ्याच अँड्रॉइड फोनांत वायरचे नेट आत घेता येते आणि हॉटस्पॉटने वाटता येते. दोन अडचणी: त्या भोकात कनेक्टर बसल्यावर चार्जर कुठे लावणार, म्हणून चार्जिंगही पुढे देणारा हब हवा, आणि पीपीपीओईचे युजरनेम टाकायची जागा फोनच्या ईथरनेट सेटिंगमध्ये साधारणपणे नसते.

गणपतीला चाकरमानी कोकणात घरी जातात, वर्षभर बंद असलेले घर उघडते, आठ-दहा माणसे, दोन लॅपटॉप आणि ‘वर्क फ्रॉम होम’. ब्रॉडबँड दहा दिवसांसाठी कुणी घेत नाही. अशा घरात फोन माजघरात ठेवून उपयोग नाही. जांभ्याच्या जाड भिंती टॉवरचा सिग्नलही अडवतात आणि वायफायही. प्रत्येक कंपनीच्या सिमची ताकद आधी मोजा. अँड्रॉइडवर ‘अबाउट फोन’मध्ये सिम स्टेटसखाली सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ ते ९५ असेल तर उत्तम, उणे ११० च्या पलीकडे गेला की मीटिंग तुटणार. पडवीत, ओटीवर, माडीच्या खिडकीत, परसात असा फोन फिरवून पाहा. दोन हातांच्या अंतरात दहा-पंधरा डीबीएमचा फरक पडतो. जागा सापडली की फोन तिथेच चार्जरला लावून ठेवा आणि त्या फोनवरून बोलायचे काम दुसऱ्या फोनवर न्या, कारण काही सिमांवर कॉल आला की डेटा थांबतो. माथ्यावर पत्रा असेल तर वरच्या मजल्याची अपेक्षा ठेवू नका, पत्रा रेडिओ लहरी परतवतो. खिडकीत ऊन येत असेल तर फोन सावलीला सरकवा आणि कव्हर काढा. तापलेला फोन आधी वेग कमी करतो, मग हॉटस्पॉट बंद करतो. बॅटरी ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय असेल तर तो लावा. सतत पूर्ण चार्जवर तापत राहिलेली बॅटरी फुगू शकते.

डेटा कसा उडतो हे समजून घेतल्याशिवाय हे टिकत नाही. रोज २ जीबीचा पॅक आणि आठ माणसे म्हणजे माणशी २५० एमबी. साध्या ४८० पीवर तासभर व्हिडिओ पाहिला तर साधारण अर्धा जीबी जातो. पण मोठा चोर व्हिडिओ नसतो. हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला वाटते, घरचे वायफाय आले. मग ‘फक्त वायफायवर’ म्हणून रोखून धरलेली कामे, फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, सगळी एकदम सुटतात. लॅपटॉप तर विंडोजचे अख्खे अपडेट ओढून घेतो. उपाय जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणावर करावा लागतो. विंडोजवर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा, अँड्रॉइडवर नेटवर्क युसेजमध्ये ‘ट्रीट ॲज मीटर्ड’, आयफोनवर ‘लो डेटा मोड’. दिवसाचा कोटा संपल्यावर बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्याचा अर्थ सेकंदाला ८ केबी. १ एमबीचा एक फोटो यायला दोन मिनिटे. ५जीचा ‘अमर्याद’ डेटा असला तरी फोन ४जीवर घसरला की रोजच्या कोट्यातून वजावट सुरू होते, आणि गावात तो घसरतोच. कोपऱ्यातल्या ५जी-४जी या खुणेवर लक्ष ठेवा.

नाव आणि पासवर्डाबद्दल. वायफायचे नाव मराठीत ठेवायची हौस अनेकांना असते. ठेवता येते, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीतले एकेक अक्षर, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून, ३ बाइट घेते. ‘आजीचे घर’ २२ बाइटांत बसते, ‘गणपतीपुळे घर’ ३४ होते आणि बसत नाही. जुना प्रिंटर किंवा कॅमेरा अशा नावाजागी भलतीच चिन्हे दाखवतो, त्यामुळे अशा उपकरणांसाठी नाव इंग्रजी अक्षरांतच बरे. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, कमाल ६३. मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख टाकू नका. एकमेकांशी संबंध नसलेले तीन मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये एखादा आकडा, म्हणजे ताक, उंबरठा, चिंच आणि ४७ असे काही, हे पाहुण्याला तोंडी सांगता येते आणि ओळखता येत नाही. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३; मात्र नुसते डब्ल्यूपीए३ ठेवले तर पाच-सात वर्षांपूर्वीची उपकरणे आत येत नाहीत. शेजाऱ्यांना पासवर्ड दिलात तर त्यांनी नेटवर केलेल्या उद्योगांचा माग तुमच्या सिमपर्यंत किंवा जोडणीपर्यंत येतो, हे ध्यानात असू द्या.

‘वायफाय दिसतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा बँडची असते. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. नवे फोन ५ वर हॉटस्पॉट देतात. प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट बल्ब यांतले बरेचसे मात्र फक्त २.४ ओळखतात, त्यांच्या लेखी ५ चे वायफाय अस्तित्वातच नाही. हॉटस्पॉटचा बँड २.४ करा, आयफोन १२ आणि पुढच्यांवर ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ लावा. २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतो पण चाळीत किंवा सोसायटीत त्यावर गर्दी असते. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ अडखळतो, कारण मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात काम करतो. ५ चा वेग चांगला, पण एका विटेच्या भिंतीपलीकडे तो खूप मंदावतो, आणि लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा आड आला तर संपतोच.

जोडलेले दिसते पण नेट नाही, तेव्हा उपकरणाच्या वायफाय तपशिलात मिळालेला पत्ता (आयपी ॲड्रेस) पाहा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता वाटणाऱ्यापर्यंत उपकरण पोचलेच नाही. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावा, लॅपटॉपवर फायरवॉल किंवा अँटिव्हायरस अडवतो का पाहा. १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर विंडोजच्या हॉटस्पॉटने पत्ता दिला आहे, १७२.२०.१० असेल तर आयफोनने, १०.४२.० असेल तर लिनक्सने. म्हणजे घरातली जोडणी ठीक आहे, बिघाड बाहेरच्या नेटमध्ये आहे. एवढ्या एका आकड्यावरून अर्धा शोध संपतो.

नेट नकोच, फक्त घरातली उपकरणे एकमेकांशी जोडायची आहेत, हा प्रकार दुर्लक्षित राहतो आणि तो फार उपयोगी आहे. लग्नाचे ८ जीबीचे फोटो आणि व्हिडिओ फोनमधून लॅपटॉपवर न्यायला एक बाइटही डेटा लागत नाही. पण इथे यजमान फोनला करा, लॅपटॉपला नको. विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट वाटण्याजोगे नेट नसेल तर बहुधा सुरूच होत नाही. अँड्रॉइड फोनचा मोबाइल डेटा बंद, हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू, लॅपटॉप त्याला जोडा, दोन्हीकडे लोकलसेंडसारखे मोफत ॲप उघडा. सेकंदाला २५ एमबीचा वेग मिळाला तर साडेपाच मिनिटांत काम होते, २.४ वर ४ एमबीने गेले तर अर्धा तास. दोघे एकमेकांना दिसत नसतील तर विंडोजवर ते नेटवर्क ‘पब्लिक’ धरलेले असते, ते ‘प्रायव्हेट’ करा. हॉटस्पॉटला जोडलेली दोन उपकरणे एकमेकांना दिसत नसतील तर लक्षात घ्या, काही फोन हॉटस्पॉटवरच्या पाहुण्यांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. मग यजमान फोन आणि लॅपटॉप या दोघांतच देवाणघेवाण करा. छपाईसाठी तर हेही नको. वायफाय डायरेक्ट असलेला प्रिंटर, ज्याचे नाव ‘डायरेक्ट’ने सुरू होते, तो स्वतःच हॉटस्पॉट होतो. ही पद्धत वायफाय अलायन्सने २०१० मध्ये आणली. तिच्या आधीची, उपकरणे थेट एकमेकांशी जोडणारी ‘ॲड हॉक’ पद्धत १९९७ च्या मूळ मानकापासूनची. विंडोज ८ पासून ती मेन्यूतून गेली, अँड्रॉइडने ती कधी धड स्वीकारली नाही, तिची सुरक्षाही बहुधा कमकुवत डब्ल्यूईपीची. जुन्या लेखांतून तिच्या पायऱ्या अजून फिरत असतात, त्यांच्या मागे लागू नका.

आता हिशेब. घरातला डेस्कटॉप साधारण ८० वॅट खातो असे धरू. फक्त वायफायसाठी तो चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ५७ ते ५८ युनिट जळतात. लॅपटॉप २५ वॅट धरला तर १८ युनिट. साधा राउटर ८ वॅटचा, तो सहा युनिटांच्या आत राहतो. युनिटला ८ ते १० रुपये धरले तर डेस्कटॉपचा हॉटस्पॉट महिन्याला साडेचारशे ते पावणेसहाशे रुपयांना पडतो आणि राउटर पन्नास-साठला. हजार-बाराशेचा साधा राउटर तीन महिन्यांत वसूल होतो. म्हणून वायरचे नेट कायमचे असेल, घरात पाचसहा उपकरणे असतील, तर डेस्कटॉपवर हॉटस्पॉट ही काटकसर नव्हे. फोनचा हॉटस्पॉट विजेच्या बाबतीत जवळजवळ फुकट आहे, आणि लाइट गेली तरी चालतो. फायबरचा बॉक्स मात्र लाइटबरोबर बंद पडतो. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घेण्यापूर्वी बॉक्सच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून पाहा.

पुढे राउटर घेतलात तर लॅपटॉपवर केलेले उद्योग आधी उलटवा. नाहीतर नव्या राउटरवर खापर फुटते. शेअरिंगच्या टॅबमधली खूण काढा. त्या खुणेने खालच्या यादीत निवडलेल्या जोडणीला १९२.१६८.१३७.१ हा कायमचा पत्ता चिकटवलेला असतो, तो आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’वर आणा. लॅपटॉपवरचे ब्रॉडबँड कनेक्शन पुसून टाका. बऱ्याच केबलवाल्यांकडे एक युजरनेम एका वेळी एकदाच चालते, आणि लॅपटॉप मागल्या दाराने डायल करत बसला तर राउटर ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ दाखवत राहतो. मॅक पत्त्याची बांधणी असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ असते, तिथे लॅपटॉपच्या लॅनचा जुना पत्ता भरला की केबलवाल्याला फोन करायचीही गरज राहत नाही.

आपला,
नेटवर्क जोडणीचे काम करणारा एक वाचक, सातारा